डाय टोचण्याआधी किडनीचा हिशेब: सीटी, अँजिओग्राफी आणि एमआरआयसाठी

‘डाय टोचली की किडनी जाते’ असं स्कॅन सेंटरच्या बाकड्यावर एकाने म्हटलं की शेजारचे तिघे मान डोलावतात. या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण ते ज्यांना लागू आहे असे लोक थोडे, आणि ज्यांना लागू नाही तेच जास्त धास्तावलेले. मग लिव्हरमधल्या गाठीच्या संशयाने आलेला धडधाकट माणूस ‘प्लेनच करा’, म्हणजे डायशिवायच, म्हणून हट्ट धरतो आणि निम्मीच माहिती घेऊन घरी जातो. ज्याला खरोखर जपायला हवं तो मात्र आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकची पेनकिलर खाऊन, किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन न तपासता टेबलावर आडवा होतो. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी आणि त्याच्याबरोबर आलेल्या नातेवाइकांसाठी आहे.

बाटलीत काय असतं आणि ते किडनीत काय करतं

सीटी आणि अँजिओग्राफीची ‘डाय’ रंगीत नसते. पाण्यासारखा स्वच्छ, थोडा चिकट द्रव असतो तो. त्यातलं आयोडीन एक्स-रे अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात. आयोहेक्सॉल, आयोप्रोमाइड, आयोपामिडॉल, आयोडिक्सॅनॉल ही त्यातली नेहमीची नावं. बाटलीवर नावापुढे ३००, ३५० किंवा ३७० असा आकडा असतो; दर मिलिलिटरमध्ये तितके मिलिग्रॅम आयोडीन आहे, एवढाच त्याचा अर्थ. (डोळ्याच्या पडद्याच्या अँजिओग्राफीत वापरतात ते फ्लुरेसीन खरोखर रंगीत असतं, त्याने लघवी पिवळीजर्द होते. त्यात आयोडीन नसतं, त्यामुळे या लेखातले नियम त्याला लावू नयेत.)

हा द्रव शरीरात कुठेही वापरला जात नाही. किडनी तो गाळते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी ठीक असेल तर दर दोनेक तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि २४ तासांत जवळपास सगळा निचरा होतो. किडनी मंद असेल तर हाच मुक्काम लांबतो.

बिघाड होतो तो किडनीच्या आतल्या गाभ्यात. तिथल्या पेशींना एरवीही प्राणवायू जेमतेमच मिळतो. डाय गेल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पुरवठा आणखी घटतो. शिवाय नलिकांच्या पेशींना डायचा थेट त्रास होतो. त्यातून शरीर कोरडं असेल तर किडनी पाणी धरून ठेवते, नलिकेतली डाय घट्ट होत जाते आणि पुढे सरकायला वेळ लावते. पुढचे सगळे उपाय या शेवटच्या गोष्टीभोवती फिरतात, कारण आपल्या हातात असलेली तीच एक आहे.

या भीतीला जुना इतिहास आहे. १९५४ मध्ये मल्टिपल मायलोमाच्या (रक्तपेशींच्या एका कर्करोगाच्या) रुग्णाची, शिरेतून डाय देऊन केलेल्या किडनीच्या एक्स-रे तपासणीनंतर (आयव्हीपी) लघवी बंद पडल्याची नोंद झाली. त्या काळच्या डायची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, रक्ताच्या पाचपटीच्या आसपास असे, आणि लघवी घट्ट झाली की चित्र ठळक येतं म्हणून आयव्हीपीआधी रुग्णाचं पाणी मुद्दाम तोडत. आजच्या डायची ही दाटी रक्ताच्या दुप्पट-तिप्पट असते. आयोडिक्सॅनॉलची तर रक्ताइतकीच. औषध बदललं, पाणी तोडायची सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

दुसरा घोळ मोजमापाचा. इस्पितळातल्या आजारी माणसाचं क्रिएटिनिन डाय न देताही वरखाली होतं: जंतुसंसर्ग, कमी बीपी, अँटिबायोटिक अशा कितीतरी कारणांनी. २०१३ पासून डाय दिलेले आणि न दिलेले, पण बाकी सारखेच आजारी असे रुग्ण शेजारी ठेवून मोठ्या तुलना झाल्या, तेव्हा दोन्हीकडे किडनी बिघडण्याचं प्रमाण पुष्कळदा सारखंच निघालं. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनी तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्र बसून अंदाज मांडला तो असा: शिरेतून डाय दिल्यावर केवळ डायमुळे किडनीला इजा होण्याची शक्यता ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज) ४५ किंवा जास्त असेल तर जवळपास शून्य, ३० ते ४४ मध्ये ० ते २ टक्के आणि ३० च्या खाली ० ते १७ टक्के. शेवटचा पट्टा इतका रुंद आहे कारण त्या गटातला प्रत्येक माणूस निराळा असतो.

क्रिएटिनिनवर थांबू नका, ईजीएफआर काढा

रिपोर्टवर ‘क्रिएटिनिन १.४’ दिसलं की कोणी घाबरतं, कोणी ‘थोडंसंच जास्त आहे’ म्हणून सोडून देतं. १.४ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. २८ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर ७० येतो. तोच १.४ हा आकडा ६२ वर्षांच्या बाईचा असेल तर येतो ४२-४३. एकाच आकड्यामागे एक निर्धास्त माणूस आणि एक जपून वागायला हवं असा माणूस. लॅबने ईजीएफआर छापला नसेल तर वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढं घालून मोबाइलवर काढता येतो; सूत्र २०२१ चं आहे ना, तेवढं बघा.

हा आकडा कधी फसवतो तेही माहीत असावं. आजारपणात मांस झडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळात कमी असतं, त्यामुळे ईजीएफआर खोटा चांगला दिसतो. जिममध्ये क्रिएटिन पावडर घेणाऱ्याचं उलट होतं. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही दुसरी रक्ततपासणी मागवू शकतात. आणि क्रिएटिनिन रोज चढत असेल तर ईजीएफआर काढण्यात अर्थच नाही, कारण सूत्र स्थिर माणसासाठी बांधलेलं आहे. चढत्या क्रिएटिनिनच्या रुग्णाला ईजीएफआर ३० च्या खाली असल्यासारखंच धरायचं.

रिपोर्ट किती जुना चालेल? प्रकृती स्थिर असेल आणि घरून येऊन स्कॅन करायचा असेल तर तीन महिन्यांपर्यंतचा पुष्कळ ठिकाणी चालवून घेतात. काही सेंटर महिन्याभरातला मागतात. दाखल असलेल्या किंवा नव्याने आजारी पडलेल्या रुग्णाचा आठवड्याच्या आतला हवा. मधे जुलाब-उलट्या, कडक ताप किंवा पेनकिलरचा कोर्स झाला असेल तर कालपरवाचा रिपोर्टही बाद समजा आणि पुन्हा रक्त द्या.

सरसकट सगळ्यांनी ही तपासणी केलीच पाहिजे असं नाही. किडनीचा जुना आजार, लघवीतून प्रथिनं जाणं, किडनीचं ऑपरेशन किंवा प्रत्यारोपण, मधुमेह, बीपी, गाऊट, सत्तरीपुढचं वय, नुकती घेतलेली किडनीला जड औषधं, यातलं काही असेल तर करायची. एकच किडनी आहे एवढ्यावरून डाय नाकारायचं कारण नाही; त्या एका किडनीचा ईजीएफआर काय आहे ते बघायचं. समुद्री मासे न सोसण्याचाही किडनीशी काही संबंध नाही, तरी काउंटरवर हा प्रश्न अजून विचारला जातो.

पक्षाघात, छातीतल्या धमनीत गुठळी, अपघातातला रक्तस्राव अशा वेळी मात्र क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. मेंदूची आणि हृदयाची मिनिटं आधी.

डायशिवाय भागेल का?

हा प्रश्न स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचा. काउंटरवरच्या माणसाकडे त्याचं उत्तर नसतं. मुतखड्यासाठी प्लेन सीटी केयूबी पुरतो, तिथे डाय उलट खडा झाकते. डोक्यातला ताजा रक्तस्राव, सायनस, हाडं, फुफ्फुसातल्या बारीक गाठीचा पाठपुरावा, हे सगळं प्लेनमध्ये दिसतं. पित्तनलिकेसाठी डायशिवायची एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आहे, पायातल्या शिरेतल्या गुठळीसाठी डॉप्लर आहे. फुफ्फुसातल्या गुठळीसाठी ईजीएफआर फार खाली असेल तर व्हीक्यू स्कॅनचा (फुफ्फुसातली हवा आणि रक्तपुरवठा पाहणाऱ्या तपासणीचा) विचार करता येतो. लिव्हरमधल्या काही गाठी सूक्ष्म बुडबुड्यांच्या डायने सोनोग्राफीत पाहता येतात. ते बुडबुडे श्वासावाटे निघून जातात, किडनीकडे वळतच नाहीत.

पण लिव्हरची गाठ कुठल्या जातीची, स्वादुपिंडाचा कोणता भाग मेला, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला का, महाधमनी फाटली का, या प्रश्नांना प्लेन सीटीकडे धड उत्तर नसतं. अशा ठिकाणी डाय वाचवण्याच्या नादात निदान हातचं गेलं तर नुकसान जास्त. अपुरा स्कॅन करून आठवड्याने पुन्हा डायचा करायला लागला, तर पैसे आणि क्ष-किरण दोन्ही दुप्पट.

पेट-सीटीला जाणाऱ्यांनी एक विचारून घ्यावं. त्यातलं किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन किडनीला त्रास देत नाही, पण पुष्कळ ठिकाणी त्याच बैठकीत आयोडीनची डायही देतात. किडनीचं काम पाहणाऱ्या डीटीपीए रेनोग्रामची मात्र काहीच धास्ती नको. पोटाच्या सीटीआधी पाण्यात कालवून प्यायला देतात ती डायही रक्तात जवळजवळ शोषली जात नाही.

औषधांची पिशवी सोबत आणा

चिठ्ठीवर नावं लिहून आणू नका, पाकिटंच आणा. कारण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी.

मेटफॉर्मिन स्वतः किडनी बिघडवत नाही. किडनी बिघडली तर ते शरीरात साचतं आणि रक्तातलं आम्ल वाढू शकतं, म्हणून ते थांबवण्याची पद्धत आहे. घोळ असा की आपल्याकडे ते एकटं क्वचितच असतं: ग्लिमेपिराइडबरोबर, व्हिल्डाग्लिप्टिनबरोबर, सिटाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत येतं. ‘मेटफॉर्मिन घेता का?’ विचारलं तर आजी मनापासून ‘नाही’ म्हणतात, आणि पाकीट उलटून पाहिलं तर मागे बारीक अक्षरात ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड ५०० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं. ब्रँडच्या नावापुढे एम, एम१, एम२ असं शेपूट दिसलं तर हमखास पाकीट उलटा.

नियम असा: ईजीएफआर ३० किंवा जास्त आहे, किडनीला ताजी इजा नाही आणि डाय हाताच्या शिरेतून जाणार आहे, तर रेडिओलॉजीच्या आजच्या मार्गदर्शनाप्रमाणे मेटफॉर्मिन थांबवायची गरज नाही. ईजीएफआर ३० च्या खाली, किडनीला ताजी इजा, किंवा धमनीतून नळी घालून किडनीच्या दिशेने डाय जाणार असेल, तर तपासणीच्या वेळी गोळी बंद करायची, ४८ तास बंद ठेवायची आणि क्रिएटिनिन पाहून मगच सुरू करायची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची २०१६ ची सूचना जास्त सावध आहे: ईजीएफआर ३० ते ६० असला, किंवा लिव्हरचा आजार, दारूचं व्यसन, हार्ट फेल्युअर असेल तरी थांबवा असं ती सांगते. तुमचं सेंटर यातलं कुठलं पाळतं ते विचारा. दोन दिवस आधीपासूनच गोळी बंद करा, असं मात्र दोन्हीकडे सांगितलेलं नाही. तशी परस्पर बंद केली की साखर तीनशेवर घेऊन माणूस स्कॅनला येतो, लघवीवाटे पाणी घालवून कोरडा झालेला. इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. उपाशी राहायला सांगितलं असेल तर डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारायचं.

आमच्या मते खरा खलनायक पेनकिलर आहे. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड किडनीत येणारी रक्तवाहिनी आकसवतात; डायही तेच करते. पाठीसाठी, गुडघ्यासाठी, दाढेसाठी केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय घेतलेली ही गोळी रुग्ण औषधात धरतच नाही. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर तपासणीआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस तिला सुट्टी द्या. दुखलंच तर पॅरासिटामॉल. पण ‘पॅरासिटामॉलचीच आहे’ म्हणून दिलेल्या गोळीत असेक्लोफेनॅक जोडलेलं नाही ना, ते पाकिटावर वाचा.

जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन, अ‍ॅम्फोटेरिसिन, सिसप्लॅटिन अशी किडनीला जड औषधं चालू असतील तर तारखा जुळवायला हव्यात. ते काम डॉक्टरांचं, आठवण करून देणं तुमचं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या सरसकट बंद करायची शिफारस नाही. फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइडसारख्या लघवीच्या गोळ्यांचा निर्णय हृदय पाहून घ्यावा लागतो. भस्मं किंवा काढे चालू असतील तर लाजू नका, सांगा.

उपाशी आणि कोरडं यात फरक आहे

चार-सहा तास जेवू नका, असं सांगितलं जातं. शिरेतून दिल्या जाणाऱ्या आजच्या डायसाठी एवढीही सक्तीची गरज नाही असं नव्या मार्गदर्शनात म्हटलेलं आहे, पण पुण्यातल्या पुष्कळ सेंटरमध्ये प्रथा आहे, तर ती पाळा. पाणी मात्र जेवणात मोडत नाही. भूल द्यायची नसेल तर साधं पाणी चालतं का, हे अपॉइंटमेंट घेतानाच स्पष्ट विचारून घ्या.

आता नेहमीचं दृश्य बघा. बारामती किंवा भोरहून निघालेला रुग्ण. अपॉइंटमेंट सकाळी दहाची, म्हणून पहाटेची एसटी. रात्री आठनंतर काही खाल्लं नाही, प्यालं नाही. वाटेत लघवी लागेल म्हणून पाणी टाळलं. एप्रिल-मे असेल तर स्वारगेटला उतरेपर्यंत घामाने सदरा ओला. सेंटरमध्ये ‘इमर्जन्सी आली आहे, थांबा’ म्हणून नंबर लागायला एक वाजला. सतरा तास कोरडा. त्यात एकादशी असेल तर घरूनच निर्जळी. या माणसाचा ईजीएफआर रिपोर्टवर ५० असला तरी टेबलावर झोपताना तो ५० च असेल याची खात्री नाही.

म्हणून: पाण्यावर बंधन नसेल तर आदल्या दिवशी नेहमीपेक्षा तीन-चार पेले जास्त, स्कॅनआधीच्या दोन तासांत दोन पेले आणि नंतर संध्याकाळपर्यंत दर तासाला एक पेला. पेला २५० मिलिलिटरचा धरा. पाणी, ताक, लिंबू सरबत काहीही चालेल. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर शहाळं नको. मधुमेहींनी उपाशीपोटाची तपासणी सकाळची पहिलीच मागून घ्यावी. हृदय किंवा किडनीच्या डॉक्टरांनी ‘दिवसाला एक लिटरच’ असं बांधून दिलं असेल, तर वरचं सगळं तुमच्यासाठी नाही.

सलाईन: कुणाला, किती, कुठल्या वेगाने

ईजीएफआर ३० किंवा जास्त असलेल्या बहुतेकांना सलाईन लागत नाही. नेदरलँड्समध्ये ३० ते ५९ ईजीएफआरच्या ६६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सलाईन न दिलेल्यांचं काही जास्त बिघडलं नाही. सलाईन हवं ते ईजीएफआर ३० च्या खाली आणि डायलिसिस सुरू नाही, किंवा किडनीला ताजी इजा झालेली आहे अशांना. ३० ते ४४ मध्ये इतर जोखीम जास्त असेल तर डॉक्टर ठरवतील.

सलाईन म्हणजे ०.९ टक्के नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोज नाही, डीएनएस (साखर घातलेलं सलाईन) नाही. शिरेतून डाय द्यायची असेल तर एक रूढ पद्धत अशी: दर किलो वजनाला तासाला १ मिलिलिटर, तपासणीआधी ३ ते ४ तास आणि नंतर ४ ते ६ तास. ६० किलोच्या माणसाला तासाला ६० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटर. आयव्ही सेटच्या पाकिटावर ‘२० थेंब = १ मिलि’ असं छापलेलं असेल तर मिनिटाला २० थेंब. घड्याळ धरून मोजता येतं: तीन सेकंदाला एक थेंब. या वेगाने ५०० ची बाटली आठ तासांहून जास्त चालते.

आणि इथेच चुकतं. ‘बाटली संपली की सोडतो’ असं ऐकलं की नातेवाईक किंवा घाईतला कर्मचारी चाक मोकळं करतो आणि बाटली अर्ध्या तासात रिकामी. निरोगी माणूस ते लघवीत काढून टाकेल. हार्ट फेल्युअरच्या माणसाच्या फुफ्फुसात मात्र ते पाणी चढतं. सलाईन चालू असताना धाप लागली, आडवं झोपवेना, खोकला सुरू झाला तर चाक बंद करून नर्सला हाक मारा.

सलाईनऐवजी सोडियम बायकार्बोनेट दिलं तर जास्त संरक्षण मिळेल का, आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या विरघळणाऱ्या गोळ्यांनी काही होतं का, हे प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होते. ब्राझीलमधल्या २,३०८ रुग्णांच्या चाचणीत २०११ मध्ये एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचा उपयोग दिसला नाही. २०१८ मधल्या सुमारे ५ हजार रुग्णांच्या ‘प्रिझर्व्ह’ चाचणीत तर बायकार्बोनेट आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दोन्ही निष्फळ ठरले. गोळी अजून लिहून दिली जाते. अपाय फारसा नाही, पण ‘गोळी घेतली आहे’ म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष होतं, तो अपाय. डाय ‘धुऊन काढायला’ फ्युरोसेमाइड देणं मात्र उलटं पडतं, शरीर आणखी कोरडं होतं.

टेबलावर

पोटाच्या सीटीला साधारण ८० ते १०० मिलिलिटर डाय लागते. वजन आणि मशीन पाहून ती कमी करता येते. नव्या मशीनवर कमी केव्हीने (कमी व्होल्टेजच्या क्ष-किरणांनी) स्कॅन केला की कमी आयोडीनमध्येही चित्र चांगलं येतं. रेडिओलॉजिस्टला ईजीएफआर आधी कळला तरच हे होतं, म्हणून रिपोर्ट फाइलच्या तळाशी न ठेवता वर ठेवा. डाय ३७ अंशांवर गरम करून दिली की पातळ होते आणि सहज जाते. ती जाताना अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. याचा किडनीशी संबंध नाही. दोन डायच्या तपासण्यांमध्ये किडनी ठीक असेल तर किमान ४ तास आणि ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर किमान ४८ तास जाऊ द्यावेत, तातडी नसेल तर.

अँजिओग्राफीचं गणित निराळं

हृदयाच्या डाव्या कप्प्यात किंवा किडनीच्या वरच्या महाधमनीत सोडलेली डाय फारशी पातळ न होता थेट किडनीत पोचते. म्हणून तिथे सावधगिरीची रेघ ईजीएफआर ३० ऐवजी ४५ वर ओढतात. एक ढोबळ मर्यादा उपयोगी पडते: ३५० च्या डायचे मिलिलिटर ईजीएफआरच्या तिपटीच्या आत ठेवायचे. ईजीएफआर ४० असेल तर १२० मिलिलिटर. नुसत्या अँजिओग्राफीत हे सहज बसतं. त्याच बैठकीत दोन-तीन स्टेंट घालायचे म्हटलं की सहज ओलांडतं. हार्ट अटॅक नसेल तर ‘आज अँजिओग्राफी, स्टेंट काही दिवसांनी’ हा पर्याय आहे का, हे आत जाण्याआधी विचारा, कारण आत गेल्यावर बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सही करायला पाच मिनिटं मिळतात. इको नुकताच झाला असेल तर डाव्या कप्प्यात डाय सोडून काढायचं चित्रही टाळता येतं.

नळीच्या तपासणीनंतर किडनी बिघडली की दोष डायवर जातो. कधीकधी कारण दुसरंच असतं: महाधमनीच्या भिंतीवरचे चरबीचे कण नळीने खरवडले जाऊन किडनीत अडकतात. खूण अशी, की क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत चढून उतरत नाही, आठवड्यामागून आठवडे चढत राहतं; पायाची बोटं निळी-जांभळी पडतात, कातडीवर जाळीसारखे डाग येतात. हे दिसलं तर पायाचे फोटो घेऊन किडनी तज्ज्ञांकडे जा.

४८ तासांनंतर

पुन्हा क्रिएटिनिन करायचं ते ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांनी आणि डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल त्यांनी, ४८ ते ७२ तासांत. दुसऱ्या दिवशी सकाळी केलं तर खोटा दिलासा मिळतो, कारण आकडा २४ ते ४८ तासांत चढायला लागतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला जातो आणि बहुतेकांचा ७ ते १० दिवसांत मूळ जागी येतो. ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट, ही किडनीच्या ताज्या इजेची व्याख्या. १.८ चं २.१ झालं तर ती इजा धरतात, ०.८ चं १.० झालं तर नाही.

दोन्ही वेळा रक्त एकाच लॅबमध्ये द्या. एक रिपोर्ट कोथरूडच्या लॅबचा आणि दुसरा हडपसरच्या, अशाने ०.२ चा फरक नुसत्या पद्धतीमुळे पडू शकतो. रिपोर्टवर तपासणीच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘जॅफे’ किंवा ‘एन्झायमॅटिक’ लिहिलेलं असतं. दोन रिपोर्टांवर दोन वेगळी नावं असतील तर घाबरण्याआधी पुन्हा एकदा त्याच पद्धतीने करा.

घरी लघवी मोजायला पाण्याची जुनी लिटरची बाटली पुरते. ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलिलिटरपेक्षा कमी, किंवा दिवसात ४०० पेक्षा कमी झाली, पायावर सूज आली, धाप लागली, तर ४८ तासांची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

डायलिसिसवर असाल तर

डाय दिल्यावर लगेच डायलिसिस करून ती ‘काढून टाकायची’ गरज नसते; त्याने किडनी वाचत नाही हे तपासून झालेलं आहे. तुमच्या नेहमीच्या वारी डायलिसिस करा. लघवी पूर्ण बंद असेल तर वाचवायला काही उरलेलं नसतं, फक्त पाण्याचा भार सांभाळायचा. लघवी अजून दिवसाला पेलाभर तरी होत असेल तर ते आवर्जून सांगा, ती टिकवण्यासारखी असते.

एमआरआयची डाय वेगळी

तिच्यात आयोडीन नसून गॅडोलिनियम असतं आणि मात्रा फार थोडी: ६० किलोला गॅडोटेरेट १२ मिलिलिटर किंवा गॅडोब्युट्रॉल ६ मिलिलिटर. या मात्रेत ती किडनीला सहसा इजा करत नाही. धोका उलट दिशेचा आहे: किडनी फार मंद असेल तर गॅडोलिनियम शरीरात रेंगाळतं, आणि त्यातून कातडी व सांधे लाकडासारखे कडक होण्याचा एनएसएफ नावाचा आजार होऊ शकतो. तो १९९७ पासून दिसू लागला, गॅडोलिनियमशी नातं २००६ मध्ये लक्षात आलं. बहुतेक दोष जुन्या रेषीय रचनेच्या डायचा होता, गॅडोडायमाइड आणि गॅडोपेंटेटेट त्यांत येतात. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने त्यांचा शिरेतला वापर थांबवायला सांगितलं. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल या गटात हा आजार अत्यंत विरळ आहे. म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर ‘एमआरआयची डाय देऊ का’ एवढ्यावर थांबू नका, कुठली देणार ते नाव विचारा. डायलिसिसवाल्यांनी एमआरआय ठरलेल्या डायलिसिसच्या थोडा आधी लावून घ्यावा.

स्कॅन झाल्यावर फिल्मच्या पाकिटावर पेनाने चार गोष्टी लिहून ठेवा: डायचं नाव आणि त्यापुढचा आकडा, किती मिलिलिटर दिली, त्या दिवशीचा ईजीएफआर, नंतर केलेलं क्रिएटिनिन. डायचं नाव आणि मात्रा टेक्निशियनला विचारली की मिळते. पुढच्या वेळी दुसऱ्या इस्पितळात, दुसऱ्या डॉक्टरसमोर ‘मागे डाय दिली होती तेव्हा काही झालं का?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो.